सिनेमात पोरगी दिसते, पण ती पाहते का?

पत्र

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात अभ्यासिका चालवते. नववी ते बारावीच्या सात मुली रोज येतात. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा सिनेमा काढायचा, असं त्यांनी ठरवलंय. गोष्ट दहावीतल्या एकीने लिहिली आहे. राणू आणि शीतल या जिवलग मैत्रिणी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटीने शाळेत जातात. त्याच रस्त्याने सायकलवर एक मुलगा जातो. राणूला तो आवडतो. पण शीतल त्याच्याशी बोलली की आपल्याला राग नेमका कोणाचा येतो, त्याचा की शीतलचा, हे राणूलाच कळत नाही. शेवटावरून मुलींची भांडणं चालू आहेत. दोघींना राणू पळून जाऊन मरायला हवी, चौघींना लग्न हवं आणि लिहिणारीला काहीच व्हायला नको. मुख्याध्यापक म्हणाले, "व्यसनमुक्तीवर काढा, हे कायले पाहिजे?" एकीच्या वडिलांनी विषय कळल्यावर तिला यायला बंदी केली. मुलाचं काम करायला कोणी तयार नाही. दोन प्रसंग घेऊन पाहिले तर चेहरे काळे आले आणि आवाजात नुसता वारा. अश्लील न होता ओढ दाखवायची कशी? की विषयच सोडून द्यावा?

— एक ताई, जि. यवतमाळ

उत्तर

प्रिय ताई,

विषय सोडू नका, पंधरा मिनिटं मात्र सोडा. आठ मिनिटांचा सिनेमा करा. संहितेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं, म्हणजे आठ पानं लिहा. प्रत्येक प्रसंग चार-पाच वेळा घ्यावा लागतो, म्हणजे चाळीसेक मिनिटांचं चित्रीकरण होईल. फुल एचडीत मोबाइल मिनिटाला सव्वाशे ते दीडशे एमबी जागा घेतो, तेव्हा सहा जीबी मोकळी ठेवा. पंधरा मिनिटांच्या सिनेमाला हे सगळं दुप्पट लागेल, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सात मुलींना तेवढी सवड एकदम मिळणार नाही.

मुलाचं काम करायला कोणी मिळत नाही, हे बरंच झालं. त्याचा चेहरा दाखवूच नका. सायकलची घंटी, पॅडलवरची चप्पल, कोपरापर्यंत दुमडलेली शर्टाची बाही, वळणावर दिसेनाशी होणारी पाठ, एवढ्यात तो पुरतो. पाठमोरा मुलगा म्हणून तुमच्यातलीच एखादी उंच मुलगी भावाचा शर्ट घालून सायकल चालवेल.

हे अडचणीतून काढलेली पळवाट म्हणून सांगत नाही. आपल्या मराठीत शाळेच्या वयातल्या प्रेमाचे गाजलेले सिनेमे आठवून पाहा. 'शाळा' (२०१२), 'फँड्री' (२०१४), 'टाइमपास' (२०१४). तिन्हींत झुरतो तो मुलगा. मुलगी ही त्याला दिसणारी गोष्ट. तिच्या मनात काय चाललंय याचा आपण बहुतेक वेळा अंदाजच बांधत बसतो. 'सैराट'मध्ये (२०१६) आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि पोराकडे टक लावून बघते, म्हणून तर ती पोरींच्या मनात इतकी बसली. पण त्याचा शेवटही पोरींच्या मनात तेवढाच खोल बसलाय. तुमच्या दोघींना राणू मरायला हवी आहे ती त्यामुळे. त्यात त्यांचा दोष नाही. मुलीने स्वतःहून कोणाकडे पाहिलं तर पुढे काय होतं, याचं दुसरं चित्र त्यांच्यासमोर फारसं आलेलंच नाही.

म्हणून तुमच्या सिनेमाला एकच नियम लावा: पाहणारी राणू. घेताना क्रम असा ठेवा. आधी राणूचा चेहरा, निदान सहा सेकंद. मग ती जे पाहते ते, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून. मग परत तिचा चेहरा. बहुतेक जणी याच्या उलट करतात. आधी मुलगा येताना घेतात, मग लाजणारी मुलगी. असं घेतलं की गोष्ट मुलाची होते आणि राणू पुन्हा शोभेची बाहुली. दुसरी चूक म्हणजे खांबाआडून, फांद्यांमधून, मागून चालत मुलीला टिपणं. दिसतं छान, पण ते चोरून पाहणं झालं. प्रत्येक शॉटनंतर सगळ्यांनी मिळून विचारा, "हे कोण पाहत आहे?" उत्तर राणू किंवा शीतल आलं तर ठेवा. "कोणीच नाही, असंच छान दिसत होतं" असं आलं तर काढून टाका.

आता ओढ कशी दाखवायची ते. तुमच्याच गोष्टीतला एसटीचा प्रसंग घ्या. राणू आणि शीतल एका बाकावर. पुढच्या सीटच्या मागे जो लोखंडी दांडा असतो, त्यावर दोघींचे हात शेजारी शेजारी, मध्ये एक बोट जाईल एवढं अंतर. राणूच्या नखांशी वेचणीने सोललेली कातडी, कारण सुकलेल्या बोंडाची टोकं तिथेच टोचतात. शीतलच्या नखांवर अर्धं उडालेलं नेलपॉलिश. बाहेर सायकलची घंटी वाजते. शीतलचा हात दांड्यावरून उठतो आणि खिडकीबाहेर जातो. कॅमेरा शीतलच्या हातामागे जात नाही. तो राणूच्या हातावर थांबतो. तो हात जरासा सरकतो, शीतलचा हात होता त्या जागेवर जातो आणि तिथे थांबतो. बारा सेकंद. संवाद नाही, गाणं नाही, फक्त काचेची खडखड. राणूला काय हवंय हे पाहणाऱ्याच्या पोटात कळतं आणि नाव कशालाच द्यावं लागत नाही.

हा प्रसंग चालत्या एसटीत घेऊ नका. महामंडळाची परवानगी लागेल आणि प्रवाशांचे चेहरे विनाकारण येतील. शाळेच्या बाकासमोर हाताच्या उंचीवर एक जुना पाइप आडवा बांधा. चौकटीत फक्त पाइप, हात आणि मागे उजेड. एकीने बाक हळूहळू हलवायचा, दुसरीने ऊन आणि हात यांच्यामध्ये कडुलिंबाची फांदी सरकवत राहायची, म्हणजे झाडांच्या सावल्या पळताना दिसतात. खडखडाट मात्र खरा घ्या. रोजच्या गाडीत खिडकीला मोबाइल टेकवून तीन मिनिटं नुसता आवाज टिपा. हा आवाज खाली घातला की बाकाची एसटी होते.

मर्यादेचं स्पष्टच सांगते. सगळ्या मुली अठराच्या आत आहेत. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यात (२०१२) अठराखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि बालकाचं लैंगिक स्वरूपाचं चित्रण करणं, बाळगणं, पाठवणं गुन्हा आहे. ते इंटरनेटवरून पसरवण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब कलम वेगळंच. तेव्हा कपडे बदलणं, न्हाणी, अंथरूण, चुंबन, शरीराच्या भागांवर रेंगाळणारा कॅमेरा, यातलं काही नको. कथेची गरज वगैरे कारण इथे चालत नाही. तसं काही नसलं म्हणून तुमच्या सिनेमाचं काही अडतही नाही, हे वरच्या बारा सेकंदांत दिसलंच असेल.

राणूला मुलगा आवडतो की शीतल, हा प्रश्न तुम्ही पत्रात जरा दबकत विचारला आहे. तो सोडवू नका. पंधराव्या वर्षी पुष्कळ मुलींना जिवलग मैत्रिणीबद्दल इतकं तीव्र वाटतं की त्यात मैत्री किती, मत्सर किती आणि प्रेम किती हे वेगळं काढता येत नाही. काहींचं ते पुढे बदलतं, काहींचं तेच कायम राहतं, आणि दोन्हींत आजार किंवा विकृती काही नाही. प्रौढांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. कोणी "हे बेकायदा" म्हणालं तर उत्तर हाताशी असेल. पण सिनेमात कोणाच्या तोंडी शिक्का मारणारा शब्द घालू नका. राणूला कळलेलं नाही, हीच गोष्ट आहे.

इथे एक जोखीम आहे आणि ती गावात फार लवकर अंगावर येते. लोक विचारणार, "हे खरं कोणाचं?" ज्या मुलीने गोष्ट लिहिली तिला राणूचं काम देऊ नका. शक्यतो दिग्दर्शनही नको. तिला संकलनाला बसवा. गोष्टीतल्या तीन गोष्टी बदला: घर, घरातली माणसं आणि राणूचा आवडता विषय. आडनाव कोणालाच देऊ नका. आपल्याकडे आडनाव आलं की जात आली, आणि मग सिनेमा बाजूला राहून "पोरगा कोणाचा, पोट्टी कोणाची" एवढंच उरतं. शाळेचा बिल्ला, गावाच्या नावाची पाटी, दुकानाचा बोर्ड चौकटीबाहेर ठेवा. शेवटी "लेखन" म्हणून सातही नावं एकत्र द्या.

गोष्टीत आणखी प्रसंग हवे असतील तर मुलींना "तुम्हाला कोण आवडतो?" असं विचारू नका. खिदळणं सुरू होतं, नावं बाहेर पडतात आणि आठवडाभर अभ्यासिकेत चिडवाचिडवी. वीस मिनिटं द्या, प्रत्येकीला एक चिठ्ठी, नाव न लिहिता एकच प्रश्न: "गेल्या महिन्यात मी कशाकडे पाहत राहिले?" मग कोणी लिहिते बहिणीच्या लिपस्टिककडे, कोणी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या बुटांकडे, कोणी कंडक्टरबाईच्या खाकी शर्टाकडे. हव्या असण्याचे इतके प्रकार असतात. चिठ्ठ्या डब्यात टाका, तुम्ही वाचून दाखवा, उपयोगी त्या वहीत उतरवा आणि चिठ्ठ्या तिथेच फाडा. अक्षर ओळखीचं असतं.

संवाद पुस्तकी झाले असतील, हे न वाचता सांगता येतं. मुलींना वाटतं सिनेमात शुद्ध बोलायचं असतं. "मला तुझ्याबद्दल काहीतरी वेगळं वाटते" असं काही लिहिलं असेल तर वही बंद करून दोघींना समोरासमोर उभं करा आणि म्हणा, आता घरी बोलता तसं बोला.

"काल काऊन नाही आली वं?"

"असंच."

"असंच म्हंजे?"

"तू वाट पाहून रायली होती का?"

"मी कायले पाहू?"

यात सगळं आलं. वऱ्हाडीची लाज काढून टाकण्यासाठी एवढं एक कारण पुरे.

शेवटाचं भांडण मतदानाने मिटवू नका, चौघी जिंकतील आणि लग्न लागेल. लिहिणारीचं "काहीच व्हायला नको" हे बरोबरच्या जवळ आहे, फक्त काहीच न होता सिनेमा संपला तर पाहणाऱ्याला वाटतं फाइल अर्धवट आली. राणूने एक छोटी गोष्ट ठरवलेली दिसू द्या. उदाहरणार्थ, रोज खिडकी शीतलची असते. शेवटच्या सकाळी राणू आधी चढते आणि खिडकीशी बसते. शीतल येते, क्षणभर थांबते, शेजारी बसते. घंटी वाजते. या वेळी राणू बाहेर पाहते की शीतलकडे, हे सातजणींनी ठरवावं. तिन्ही शेवट लिहून, मोठ्याने वाचून, दोन दिवस थांबून ठरवलं तर बहुतेक वेळा मरणाचा शेवट आपोआप गळतो, कारण वाचताना त्यांनाच तो उसना वाटतो.

आता काळे चेहरे. तुम्ही वावरात घेतलं असणार, तेही कापूस फुटल्यावर. मोबाइल सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो. मागे पांढरी पऱ्हाटी आणि आभाळ असलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो सगळंच अंधारतो आणि आपले सावळे चेहरे काळे पडतात. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो. कापूस थोडा जास्त पांढरा झाला तरी चालेल, डोळे दिसले पाहिजेत. मुलींना पावडर लावू देऊ नका, उन्हात चेहरा राखाडी दिसतो. दुपारी बारा ते तीन घेऊ नका, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. सर्वांत चांगली वेळ सकाळी पावणेसात ते साडेआठ. आणि ती तुम्हाला तशीही सोयीची, कारण दव उतरल्याशिवाय वेचणी लागत नाही, तेवढा वेळ मुली मोकळ्या असतात. समोरून थर्माकोलची एक पांढरी शीट धरली की चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. घरात घ्यायचं तर ट्यूब बंद करा (वीज पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे मोबाइलमध्ये कधीकधी पट्टे सरकतात), मुलीला दाराकडे तोंड करून बसवा आणि कॅमेरा दाराच्या कडेला ठेवा.

मोबाइल आडवा, मागचा कॅमेरा, झूम कधीच नाही, जवळ हवं तर दोन पावलं पुढे जा. भिंगावर बोटांचं तेल असतं, प्रत्येक वेळी सुती कापडाने पुसा. फ्लाइट मोड लावा, नाहीतर ऐन प्रसंगात रिचार्ज संपल्याचा फोन येतो. ट्रायपॉड नको. जुन्या कापडाच्या पिशवीत किलोभर तूर सैलसर भरून तोंड शिवा. ती स्टुलावर, विटांवर, बैलबंडीच्या चाकावर कुठेही बसते आणि मोबाइल तिच्यात रुततो, हलत नाही.

आवाजावर चित्रापेक्षा जास्त वेळ खर्च करा. चित्र जरा डावं असलं तर लोक माफ करतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात. चित्र घेणाऱ्या मोबाइलवर आवाज घेऊ नका, तो लांब असतो. दुसऱ्या मोबाइलला वायरवाले इअरफोन लावा, त्याचा माइक मुलीच्या ओढणीच्या आत, हनुवटीखाली वीतभर अंतरावर सेफ्टीपिनने अडकवा आणि तो मोबाइल तिच्या कमरेला खोचा. माइकवर जुन्या गादीतल्या स्पंजचा बोराएवढा तुकडा चीर देऊन बसवा, वारा अडतो. ओढणी माइकवर घासत नाही ना, हे आधी कान लावून तपासा. सगळ्यात जास्त प्रसंग यानेच वाया जातात. दोन्ही मोबाइल सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात ती टाळी जुळवली की चित्र आणि आवाज जुळतात. संकलनाला व्हीएनसारखं फुकट अ‍ॅप पुरतं.

शेतीची थ्री-फेज लाइन आठवड्याच्या कोणत्या दिवशी दिवसा आणि कोणत्या दिवशी रात्री असते, ते विचारून ठेवा. दिवसा लाइन असली की आसपासच्या विहिरींवर मोटारी सुरू, आणि ती घरघर नंतर कशानेही निघत नाही. प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प राहून एक मिनिट नुसती शांतता टिपा. वावराची शांतता वेगळी, कवेलूच्या (कौलारू) घरातली वेगळी. तुकडे जोडताना मधली भोकं त्याने बुजतात.

सिनेमातलं गाजलेलं गाणं मागे लावू नका. हक्काची कटकट होते आणि पाहणाऱ्याला तो सिनेमा आठवतो, तुमचा नाही. तुमच्याकडे भुलाबाईची गाणी आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्या पोरी ती म्हणत आल्या. सासर, माहेर, रुसवे, दागिने, सगळं पोरींच्या तोंडून. ती पारंपरिक आहेत, हक्क कोणाचे नाहीत, आणि तुमच्या सातजणींनी टाळ्यांवर म्हटली तर वाद्यही लागत नाही. सगळं गाणं नको. दोन ओळी, त्यातली एक शब्दांशिवाय नुसती गुणगुणत.

मुख्याध्यापकांकडे परत जा, पण एकट्या जाऊ नका, आशाताईंना किंवा नर्सबाईंना सोबत घ्या. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यात व्यसनमुक्ती जशी येते तसंच मानसिक आरोग्य आणि लैंगिक-प्रजनन आरोग्यही येतं. म्हणजे सर सांगतात तो विषय आणि मुलींचा विषय एकाच कार्यक्रमाच्या यादीत बसतात. विषय सांगताना "प्रेमकथा" म्हणू नका, कारण ती नुसती प्रेमकथा नाहीच. "दोन मैत्रिणी आणि दहावीचं वर्ष" एवढं म्हणा, आठ पानं समोर ठेवा आणि वाचायला वेळ द्या. शाळेची खोली मिळाली नाही तरी चालेल, विरोध नसला म्हणजे झालं.

त्या वडिलांचं वेगळं आहे. त्यांची भीती खोटी समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. "पोरीचं नाव निघालं" एवढ्यावर शाळा सुटते आणि स्थळं सुरू होतात. तुमच्या सिनेमामुळे एखादीचं असं झालं तर सिनेमा कितीही चांगला झाला तरी तो महागात पडला. म्हणून चोरून चित्रीकरण अजिबात नको. आधी तिच्या आईशी बोला, संध्याकाळी, घरी जाऊन. मग दोघांसमोर सांगा की ती पडद्यावर दिसणार नाही, ती आवाजाचं काम करेल, आणि सगळ्यांत आधी सिनेमा तुम्हालाच दाखवू. तरी नाही म्हणाले तर थांबा. त्या मुलीला अभ्यासिकेत टोमण्यांच्या तोंडी पडू देऊ नका आणि तिचं येणं कायमचं बंद होऊ देऊ नका.

बाकी सहाही घरांतून लेखी संमती घ्या. मराठीत, एक पान, तीन वेगळ्या ओळी आणि तीन वेगळ्या सह्या: चित्रीकरणाला, गावात दाखवायला, इंटरनेटवर टाकायला. तिसरी सही आता मागूच नका, ओळ कोरी ठेवा. मुलीचीही सही घ्या आणि तिला सांगा की संकलन होईपर्यंत ती कधीही "माझा हा प्रसंग काढा" म्हणू शकते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नको आणि तीन तासांनंतर विश्रांती हवीच. व्यावसायिक सिनेमातल्या बालकलाकारांसाठीही २०१७ च्या नियमांत हीच मर्यादा आहे.

या कामात एखादी मुलगी तुमच्याजवळ येऊन स्वतःचं काही सांगेल. बहुतेक वेळा सांगते. "कोणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका. म्हणा, "मी सगळं ऐकते. तुला धोका आहे असं वाटलं तर मला मदत घ्यावी लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही." कोणी आवडतं, मैत्रीण आवडते, अभ्यासात मन लागत नाही, हे ऐकण्यापुरतं आहे, त्याचा गवगवा नको. मात्र लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सोनुसार ते पोलिसांना किंवा बाल पोलिस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर दिवसरात्र चालतो. मन फार खचलेलं असेल तर टेलिमानस, १४४१६. घरी लग्नाची घाई चाललेली कळली तर १०९८ आहेच, शिवाय गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हे तीन नंबर-पत्ते अभ्यासिकेच्या भिंतीवर आधीपासून लावलेले असू द्या, म्हणजे पाहणारीला कोणी विचारत नाही की तुला कशाला हवे.

त्या आईवडिलांना कबूल केल्याप्रमाणे आधी दाखवून झालं की पहिला खेळ फक्त सात मुली आणि त्यांच्या आया. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर, कोणाच्या तरी छपरीत, टीव्हीला पेनड्राइव्ह लावून. फाइल एमपी४ ठेवा, बहुतेक टीव्ही ती वाचतात, तरी दुपारी एकदा लावून पाहा. संपल्यावर मुलींना उभं करून "तुम्हाला काय वाटलं" विचारू नका. आयांना विचारा, "राणू तुमची पोरगी असती तर तुम्ही त्या रात्री तिला काय विचारलं असतं?" आणि गप्प बसा. पहिल्या मिनिटात कोणी बोलत नाही. मग कोणीतरी स्वतःच्या दहावीच्या वर्षाबद्दल बोलायला लागते.

आया हो म्हणाल्या तरच दुसरा खेळ, बापांसाठी आणि शिक्षकांसाठी. मागे बसून शेरे मारणारे दोघे-तिघे प्रत्येक गावात असतात. त्यांना पुढच्या रांगेत, सरांच्या शेजारी जागा द्या.

फाइल कोणाच्याच मोबाइलवर पाठवू नका, सरपंचांच्याही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली क्लिप परत येत नाही आणि आठ मिनिटांतली चार सेकंद कापून फिरवायला कोणाला परवानगी लागत नाही. यूट्यूबचा निर्णय सर्वांत लहान मुलगी अठराची होईपर्यंत थांबवा, मग सातजणींनी मिळून घ्यावा. ती आता नववीत आहे, म्हणजे चार वर्षं आहेत. तोवर दोन पेनड्राइव्ह करा, एक तुमच्या कपाटात, एक आशाताईंकडे, आणि वर्षातून एकदा लावून पाहत जा. नुसते पडून राहिले की कधीकधी उघडत नाहीत.